पोटरी आणि पेन

पाचगणीतल्या अच्युतराव पाटणकरांच्या मसाज सेंटरात नोकरी हवी असेल, तर आधी मालकांचेच पाय चोळून दाखवावे लागत. सर्टिफिकेट ते नंतर बघायचे, मनात आलं तर.

त्या दिवशी अच्युतराव बारा तास गाडीत बसून आले होते. "डावी पोटरी ठणकतेय. चांगली दाबून चोळ," त्यांनी नोकरीसाठी आलेल्या करुणा तांडेलला फर्मावलं.

करुणाने पोटरीला हात लावला. तेवढा एकच पाय सुजला होता आणि गरम लागत होता. तिने तेलाच्या बाटलीला झाकण लावलं.

"आत रक्ताची गुठळी असू शकते, साहेब. चोळली तर सुटून फुफ्फुसात जाईल. आधी डॉक्टरांना दाखवा."

"मला शिकवू नकोस! इथे गिऱ्हाईक सांगेल तसंच होतं. आत्ता गिऱ्हाईक मी आहे."

"बरं," म्हणत करुणाने काउंटरवरचा सेंटरचाच छापील फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. "मग गिऱ्हाइकासारखी आधी सही करा."

अच्युतरावांनी रुबाबात पेन उघडलं. स्वतः छापून घेतलेला फॉर्म ते पहिल्यांदाच वाचत होते: 'मालिशमुळे जिवाला काही झाल्यास जबाबदारी माझीच राहील.' पेन कागदावर टेकलं, पण पुढे सरकेना.

करुणा शांतपणे म्हणाली, "साहेब, तुमचं पेन जिथे थांबलं ना, तिथेच माझा हात थांबला."