भात शिजेपर्यंतचे ध्यान

एका राज्यात सिंहकेतू नावाचा राजा होता. शूर, उदार, पण धीर म्हणाल तर औषधालाही नव्हता. डोंगरावरच्या विहारात भिक्षूंना बारा वर्षांनी लाभणारी शांती त्याला सात दिवसांत हवी होती. कराळ नावाच्या मांत्रिकाने त्याला नीलमणी दिला. "एकटक पाहा, महाराज." सातव्या दिवशी राजा ध्यानात जो बुडाला तो बुडालाच. डोळे उघडे, ओळख कुणाचीच नाही. अन्न सुटले.

धाकटी बहीण उत्पला कराळापुढे उभी राहिली. "दादाला बाहेर काढ."

"आत नेणारा मणी माझ्याकडे आहे, राजकन्ये. परत आणणारा नाही."

तेव्हा राजाची साळुंकी बोलली, "डोंगरावरच्या विहारातली वृद्ध भिक्षुणी सुमेधा रोज ध्यानात आत जाते, रोज परत येते. तिच्याकडे जा. तोवर मी राजाला मध भरवीन."

सुमेधेने तीन कामे सांगितली. पिंपळाखालचे अंगण झाडायचे. पाने गळतच राहिली, उत्पला रडली, मग रडणेही विसरली. काठोकाठ भरलेला कलश घेऊन चारशे पायऱ्या चढायच्या, तेही जमले. तिसरे काम मात्र महाकठीण. विहाराची रीत अशी, की ध्यानाला बसण्याआधी चुलीवर भात चढवायचा आणि मोठ्याने म्हणायचे, "भात शिजला की मी उठेन."

उत्पलाने किती भात करपवले! त्या गोड शांततेतून उठवतच नसे. सुमेधा करपलेला भात मुकाट्याने खाई आणि म्हणे, "उद्या पुन्हा, मुली."

तिकडे राजवाड्यात राजाचा श्वास मंदावला. कराळ धावत विहारात आला. "मणी घे, आत्ता पोहोचशील!"

"आणि मग आम्हा दोघांना परत कोण आणील?" ती म्हणाली. भाऊ मरणाच्या दारात असताना पोरीने मण्याकडे पाठ फिरवली. धन्य तिची!

ज्या दिवशी भात मऊ मोकळा उतरला, त्या दिवशी सुमेधेने तिला निरोप दिला. उत्पलाने राजाच्या शेजारी चूल मांडली, भात चढवला, रीतीचे शब्द उच्चारले आणि ती आत गेली. तिथे ना जमीन, ना आकाश. दादा होता.

"दादा, ऊठ."

"इथे उठणारा कुणी नाही."

"नसू दे. भात शिजलाय."

तो हळूच म्हणाला, "करपेल का गं?"

"करपेल."

राजा उठला. नीलमण्याला तडा गेला. राजा पोटभर जेवला, राज्य पुन्हा चालू लागले, आणि दुसऱ्या दिवशी पिंपळाखाली दोन नवे झाडूवाले दिसले: एक राजा, एक मांत्रिक.

जसा तो परत आला, तसे आत गेलेले सारे परत येवोत.