येसूचा एक थेंब

पहिल्यांदा चुकलं ते अगदी एवढंसं. रायफलीचा खटका मागे ओढून पुढे लोटला, की 'खट्' असा कोरडा आवाज यायचा. त्या दिवशी तो 'पच्' असा आला, चिखलातून पाय उपसल्यासारखा. पाटलांच्या ओसरीवर पंधरा माणसं बसली होती, पण कुणाला काही वाटलं नाही. तेलाचा बुधला घेऊन दारात उभी असलेली येसू मात्र दचकली.

तुमच्या पणजीचं नाकसुद्धा टोचलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. सह्याद्रीच्या एका कड्यावर आमची कुसरवाडी, समोरच्या कड्यावर दाभेमाळ, आणि मधे अशी दरी की तिचा तळ ढगालाच ठाऊक. हाक मारली तर ऐकू जात नसे आणि चालत जायचं तर अर्धा दिवस मोडे. म्हणून संस्थानच्या दरबारानं दोन्ही गावांना एकेक रायफल दिली होती. ती शिकारीसाठी नव्हती, निरोपासाठी होती. एक बार म्हणजे माणसं पाठवा, दोन बार म्हणजे सुईण पाठवा. पलीकडून उलटा एक बार आला, की समजायचं, ऐकलं, निघालो. सुईण तानूबाई दाभेमाळला राहायची. तिला पलीकडच्या उताराच्या सगळ्या चोरवाटा पाठ होत्या, ती तीन घटकांत येई.

येसू धोंडू तेल्याची लेक. भित्री म्हणून गावभर प्रसिद्ध. भांडं पडलं तरी उडायची, पाल चुकचुकली तरी उडायची. पोरी तिला मुद्दाम मागून 'भो' करायच्या. पण असं म्हणतात, की जो आवाजाला भितो त्यालाच आवाज कळतो. घाण्याचा बैल लंगडायच्या आदल्या दिवशीच येसू सांगायची, याची चाल बदललीय.

ती बुधला खाली ठेवून म्हणाली, "आबा, ह्यो आवाज बरा न्हाई."

रावजी पाटील हसले. म्हणाले, तुला कुठला आवाज बरा वाटतो, ते एकदा सांग. ओसरीही हसली.

आता गंमत अशी, की रायफलीवर गावाचा फार जीव. खंडेनवमीला तिची पूजा व्हायची, आणि घरटी एक वाटी तेल तिला वाहायची रीत होती. कुणी तिळाचं आणायचं, कुणी करडईचं, कोकणातून आलेली सून खोबरेल आणायची. सगळं खटक्यावर धो धो ओतायचे. जितकं तेल जास्त, तितकी माया जास्त. अशा नऊ नवम्या झाल्या होत्या. पोटात तेलाचा राप बसून रायफल गुदमरली होती, आणि गावाला वाटत होतं, न्हाऊन माखून तुकतुकीत झालीय.

येसूला झोप येईना. तिच्या मंजुळा वहिनीला पाचवा महिना लागला होता, आणि वहिनीचं पहिलं बाळंतपण आडवं गेलं होतं. दोन बार वाजलेच नाहीत तर, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात. भित्र्या माणसाचा एक गुण असतो बघा, तो भीती उशाशी घेऊन झोपत नाही, उठून काहीतरी करतो.

तिनं एक जुना लोखंडी तवा घेतला. त्यावर ओळीनं पाच थेंब ठेवले. तीळ, करडई, खोबरेल, जवस, आणि पाचवा बाजारगावच्या शिंप्याकडून आणलेला, शिवणयंत्राच्या तेलाचा. तवा अंगणात थंडीत, दवात, धुळीत अकरा दिवस राहिला. खोबरेल पहिल्याच पहाटे गोठून मेणासारखं पांढरं झालं. जवसानं साय धरली आणि ती साय कातड्यासारखी घट्ट झाली. करडई चिकटली. तिळानं सगळ्यांत जास्त तग धरला, पण शेवटी त्याचीही बोटाला तार यायला लागली. शिंप्याचा थेंब मात्र तवा कलता करताच पहिल्या दिवसासारखा पळाला. असं म्हणतात, की तो तव्यावरून उतरून अंगण ओलांडून थेट पाटलांच्या वाड्याच्या दिशेनं गेला.

धोंडू तेल्याला ते फार लागलं. "घाणा बापाचा," तो म्हणाला, "आणि गुण गायचे शिंप्याच्या कुपीचे?"

"तुमचं तेल माणसांसाठी हाय, बाबा," येसू म्हणाली. "लोखंडाला चव न्हाई."

दोन दिवस धोंडू नुसता घाणा हाकत राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं जवसाची वाटी भरून दिली आणि म्हणाला, लोखंडाला नको तर लाकडाला लाव, रायफलीचा लाकडी दस्ता तरी माझ्या घाण्याचा होऊ दे. आणि खरंच, साय धरणारं ते तेल लाकडाला पावलं. दस्ता आजही आरशासारखा आहे.

पाटलांची समजूत कशी पटली, ते मात्र कुणाला नीट सांगता येत नाही. काही म्हणतात, येसूनं त्यांच्यापुढे तवा नेऊन ठेवला. काही म्हणतात, ती सात दिवस रोज ओसरीवर येऊन नुसती दचकत राहिली, आणि पाटील कंटाळले. काही असो, रायफल तिच्या हाती आली. तिनं आतला राप रॉकेलनं धुतला, फडक्यानं पुसला, उन्हात कोरडा केला. मग कोंबडीच्या पिसाचं टोक कुपीत बुडवून, जिथं लोखंड लोखंडाला घासतं तिथं एक एक थेंब लावला आणि तोही पुसून घेतला. काडतुसावर टोचा मारणारी बारीक सळई जवळजवळ कोरडीच ठेवली. नळी आतून पुसून लख्ख केली. खटका ओढला. खट्.

राहिली गावाची माया. वाट्या घेऊन आलेल्या बायांना नको कसं म्हणणार? येसूनं रायफलीच्या पायाशी एक काळा धोंडा ठेवला आणि सांगितलं, तेल हिच्या पायावर घाला, डोक्यावर नको. बायांना पटलं. मोठ्या माणसाच्या पायाच पडतात.

शिंप्याच्या तेलाची एक कुपी आणि एक पीस तिनं दाभेमाळलाही धाडलं, तिथंही रायफलीला वाट्यांनीच न्हाऊ घालायचे. तिथला राखणदार बाळकू ते बघून पोट धरून हसला. म्हणाला, कुसरवाडीत आता बंदुकीच्या कानात औषध घालतात वाटतं. कुपी त्यानं कोनाड्यात ठेवून दिली.

पौषात गावची माणसं जत्रेला गेली आणि त्याच सकाळी मंजुळेच्या पोटात कळ आली. मूल आडवं होतं. घरात म्हाताऱ्या, धोंडू आणि येसू. बाहेर धुकं असं, की तुळस दिसेना. ठरवायचं एकच होतं. पलीकडून उत्तर आलं, तर मंजुळेला हलवायचं नाही, तानूबाई येईल. उत्तर नाही आलं, तर झोळीत घालून घाट उतरायचा, आणि त्यात ती वाचेल असं कुणालाही वाटत नव्हतं.

येसूनं रायफल उचलली. काडतुसं तीनच होती. जी पाल चुकचुकली तरी उडायची, ती कड्यावर जाऊन उभी राहिली, डोळे मिटले आणि चाप ओढला. धाड! दुसऱ्यांदा, धाड! असं म्हणतात, की त्या दोन आवाजांनी धुक्याला उभी चीर गेली आणि त्या फटीतून दाभेमाळचं एक छप्पर दिसलं.

पण उत्तर आलं नाही.

आमच्याकडे अजून खंडेनवमीला घरटी वाटी येते आणि येसूच्या धोंड्यावर रिकामी होते. रायफलीला मात्र पिसानं एकच थेंब लागतो, आणि तो गावातली सगळ्यांत भित्री पोरगी लावते. तो मान असतो, त्यावरून भांडणंही होतात. आता बार काढत नाहीत. ती पोरगी कड्यावर जाऊन दाभेमाळला हाक मारते, आणि मग सगळं गाव गप्प उभं राहतं. तान्ही पोरंसुद्धा रडत नाहीत, असं म्हणतात. कुणी हलत नाही, कारण त्या सकाळी येसू हलली नव्हती.

ती तशीच उभी होती. मागून धोंडूनं विचारलं, झोळी बांधू का? तिनं हातानंच थांबवलं.

तिला ठाऊक नव्हतं, की पल्याड बाळकूनं दोन्ही बार ऐकले होते, धावत रायफल घेतली होती आणि चाप ओढला होता. ती 'पच्' म्हणाली होती. दुसऱ्यांदाही 'पच्'. मग त्याला कोनाडा आठवला. तो उघड्या अंगणात मांडी ठोकून बसला, कंदिलातलं रॉकेल खटक्यावर ओतलं, डोक्याचं मुंडासं सोडून त्यानं राप पुसला. उत्तर गेलं नाही तर पलीकडचे बाईला घेऊन घाट उतरतील आणि चुकामूक होईल, म्हणून तानूबाई पदर खोचून शेजारीच उभी. भसाभसा तेल ओतावं असं त्याला वाटलं. पण पिसाच्या टोकाला जेवढं राहतं तेवढंच त्यानं लावलं.

इकडे येसूनं शेवटचं काडतूस घातलं. खट्. नेम आभाळाचा धरला. ह्या खेपेला डोळे उघडे ठेवले. धाड!

आवाज दरीत उतरला, तळाशी गेला, वर आला, विरला. मंजुळा घरात कण्हत होती. धोंडूनं झोळीचा दोर उचलला.

आणि समोरच्या धुक्यातून, एकच, कोरडा, खणखणीत बार आला.

गावाचा इतिहास सांगतो, त्या आवाजाला येसू दचकली नाही.