धगजाईची पाठ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं ते विचारू नका, मला आकडे येत नाहीत. देवळासमोर आज जे सुरंगीचं झाड आहे ना, ती सुरंगी, जिला तिघांनी कवेत घेतलं तरी हात पुरत नाहीत, ती तेव्हा गुडघ्याएवढी होती आणि बकऱ्यांनी खाऊ नये म्हणून तिच्याभोवती काट्या लावाव्या लागत. तेवढी जुनी गोष्ट आहे ही.

तेव्हा आमच्या कोंडशेत गावात गोजा नावाची एक सुईण होती. अंगानं किडकिडीत, हात एवढेसे, दहा वर्षांच्या पोरीचे असावेत तसे, पण सदा गरम. पौषातल्या थंडीतसुद्धा तिचे हात गरम असत, असं म्हणतात. बाई अडली, मूल आडवं आलं, की ती खोबरेल तेल घ्यायची आणि वरून पोट चोळत चोळत पोराला वाटेवर आणायची. तोंडानं एकच वाक्य चालू असायचं. "थोडंच उरलंय, बाय." सकाळी पहिली कळ आली तरी थोडंच उरलंय, आणि दिवेलागणीला बाई पार थकून गेली तरी थोडंच उरलंय. धडधडीत खोटं बोलायची. पण तिच्या तोंडून ते खरं वाटायचं, आणि बाईला आणखी एक कळ सोसायचं बळ यायचं. सगळा गाव तिला गोजाय म्हणे.

गावातल्या प्रत्येक डोक्याला पहिला हात लागला तो गोजायचा, नाहीतर तिच्या आधी तिच्या सासूचा. खोतांच्या डोक्याला तोच, गुरवांच्या डोक्याला तोच. आणि तीच गोजाय देवळात जाऊ शकत नव्हती. तिच्या घराण्याला पायरीपर्यंतच वाट होती, पुढे नाही. का, म्हणून विचाराल तर तेव्हाही कुणाला सांगता येत नव्हतं, आणि आज आम्हाला सांगायची लाज वाटते. ते असो.

आता देवीचं सांगतो. आमची धगजाई काळ्या दगडाची आहे, माणसाएवढी. उकिडवी बसलेली. गुडघे फाकलेले, केस मोकळे, डोळे खोबणीतून बाहेर आलेले, तोंड हे एवढं उघडं. दोन्ही हात डोक्याच्या वर नेलेले आणि मुठीत काहीतरी पिळदार गच्च धरलेलं. तिला रोज गळ्यापर्यंत लुगडं नेसवलेलं असे, त्यामुळे पायरीवरून दिसायचं ते फक्त तोंड, डोळे आणि वर नेलेल्या मुठी. तेवढ्यानंच माणूस अर्धा व्हायचा.

खोत म्हणत, ती लढाईत आहे, मुठीत राक्षसाचे केस आहेत, आणि आमच्या खापरपणजोबांच्या बाजूनं ती लढली होती. गुरव म्हणत, ती गावाचं पाप बघून ओरडतेय. एकदा एक लहान पोर म्हणालं की देवीनं गरम घावन खाल्लंय आणि तिचं तोंड भाजलंय. त्याच्या आईनं तिथल्या तिथं त्याच्या पाठीत धपाटा घातला. बाकी सगळा गाव तिला भ्यायचा. आणि सगळ्यात कडक नियम होता तो पोटुशी बाईला. तिनं देवळासमोरून जायचं नाही. धगजाईची नजर पडली तर पोटातलं पोर जळून जातं, असं म्हणत. म्हणून भरल्या पोटाच्या बायका देवळाच्या मागच्या बाजूनं, पऱ्याचा ओढा ओलांडून, निसरड्या दगडांवरून जात. त्या दगडांवरून घसरून किती बायकांचं नुकसान झालं ते कुणी बघितलं नाही. तेही देवीच्याच नावावर जमा झालं.

तर एका श्रावणात, मंगळवारी, दुपारच्या वेळी, भिकू गुरवाची लेक चंद्रा डोलीतून माहेरी यायला निघाली. पहिलटकरीण, आठवा सरून नववा लागलेला. गावाच्या तोंडाशी डोली आली आणि तिला कळा सुरू झाल्या. पाऊस असा की समोरचा माणूस दिसेना. मागचा पऱ्या दोन्ही काठ भरून चाललेला, तिकडून जायची सोय नाही. पुढून जावं तर देऊळ. डोलीवाल्यांनी डोली देवळापासून लांब, एका आंब्याखाली टेकवली आणि गोजायला बोलावणं धाडलं. भिकू गुरव देवळातच होता. त्याला कळलं तसा तो धावत आला आणि लेकीच्या डोक्यावर घोंगडी धरून उभा राहिला.

गोजाय आली. तिनं चंद्राच्या पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहरा उतरला. मूल आडवं होतं.

"हिला कोरडी जमीन पाहिजे," ती म्हणाली. "विस्तव पाहिजे, आणि हाताला धरायला काहीतरी पाहिजे. घरापर्यंत चढ आहे, तेवढी ही टिकायची नाही. भिकूदादा, देऊळ उघडं आहे."

 तोवर वाडीतली पंधरावीस माणसं गोळा झाली होती. त्यात अंतोबा खोतही होता. वय असेल तिशीचं, मिशी पन्नाशीची. तो म्हणाला, "बाळंतपणाचा विटाळ देवळात? आणि तूही आत जाणार? उद्या देवी गावावर उलटली तर?"

भिकू गुरव बाप होता, पण गुरवही होता. जन्मभर तो एकच गोष्ट शिकला होता, की अडलं की देवीला विचारायचं. तो म्हणाला, "मी कौल लावतो. उजवा दिला तर नेऊ."

कौल म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगतो. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवीकडची आधी पडली तर देवी हो म्हणाली. डावीकडची पडली तर नाही. पण पाकळ्या दगडाला लावायच्या तर लुगडं सोडावं लागतं. भिकूनं लुगडं सोडलं, पाकळ्या लावल्या, आणि नीट दिसावं म्हणून समई उचलून वर धरली. मग त्यानं गाऱ्हाणं घातलं.

पाकळी पडेना. उजवी नाही, डावी नाही. पावसाळी हवा, पाकळ्या दगडाला घट्ट बसलेल्या. आंब्याखालून चंद्राचं कण्हणं येत होतं आणि दर वेळी ते आधीपेक्षा बारीक होत होतं. बाकीच्यांबरोबर गोजायही भिकूच्या मागोमाग येऊन पायरीवर उभी होती. जन्मात पहिल्यांदा तिनं धगजाईला लुगड्याशिवाय, उजेडात, आख्खी बघितली. गुडघे बघितले. मुठी बघितल्या. ताणलेलं पोट बघितलं. मग परत तोंडाकडे बघितलं.

आणि ती मऊ आवाजात म्हणाली, "अगो बाय. तू पण?"

मग भिकूकडे वळून म्हणाली, "दादा, त्या पाकळ्या काढ. कळा येणाऱ्या बाईला कुणी प्रश्न विचारतं का?"

कुणाला काही समजेना. अंतोबा म्हणाला, "काय बडबडतेस? ती राक्षसाला मारतेय."

"खोतानू," गोजाय म्हणाली, "तुमच्या वेळी तुमच्या आईचं तोंड अस्संच झालं होतं. डोळे असेच, गुडघे असेच. माझी सासू पुढे होती आणि मी तुमच्या आईची पाठ धरून बसले होते. आढ्याला दोर बांधला होता, तो तिनं असाच दोन्ही मुठीत धरला होता. तो दोर आहे तिच्या हातात, केस नाहीत. पोर अडलीय. कधीची अडलीय कोण जाणे, आणि तुम्ही सगळे तिच्यापुढे ढोल बडवताय."

आता माणसाच्या आईचं बाळंतपण बघितलेल्या बाईशी काय वाद घालणार? अंतोबा खोताची मान खाली गेली. आणि भिकू गुरवानं हातातली समई खाली ठेवली, धावत आंब्याखाली गेला, लेकीला स्वतःच्या दोन्ही हातांवर उचललं आणि देवळात आणलं. गोजाय त्याच्या मागोमाग पायरी चढून आत गेली. तिला कुणी अडवलं नाही. खरं तर त्या वेळी ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, असं म्हणतात.

आत गेल्यावर तिनं काय करावं? आधी समईतलं कोमट तेल हातावर घेतलं आणि देवीच्या पाठीमागे जाऊन तिची पाठ चोळली, कमरेपासून वर, जशी बायकांची चोळायची तशी. म्हणाली, "थोडंच उरलंय, बाय. हिची सुटका करते आणि तुझ्याकडे येते. तोवर हिला धर." मग चंद्राचं लुगडं पिळून त्याचा दोर केला, देवीच्या दोन मुठींतून ओवला आणि टोकं चंद्राच्या हातात दिली. बाहेर सगळे पावसात उभे राहिले. बापालाही तिनं बाहेर घालवलं.

असं म्हणतात की चंद्रानं अशी ओढ घेतली की लाकडाचं आढं असतं तर मोडून पडलं असतं. दगडाचे हात हलले नाहीत. गोजायनं तिचं पोट चोळून चोळून आडवं मूल सरळ केलं. तिन्हीसांजेपर्यंत दोन आवाज ऐकू येत होते. एक चंद्राचा, बारीक. आणि एक दुसरा, जमिनीखालून आल्यासारखा जाड. गोजाय दोघींना सारखंच सांगत होती, थोडंच उरलंय, थोडंच उरलंय.

आणि दिवे लागायच्या सुमारास बाहेरच्या सगळ्यांनी दोन पोरांचं रडणं ऐकलं. पंधरावीस माणसांनी ऐकलं, एकट्यादुकट्यानं नाही. आत पोर मात्र एकच होतं. मुलगी. चंद्रा डोळे मिटून, दमून, देवीच्या पाठीला पाठ लावून बसली होती आणि जिवंत होती.

गोजाय दारात आली. कोपरापर्यंत हात माखलेले, केस कपाळाला चिकटलेले. म्हणाली, "सुटल्या. दोघी सुटल्या."

भिकू गुरव तिथंच पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. अंतोबानं भीतभीत विचारलं, "पण मग देवीचं मूल कुठाय?"

गोजायनं पावसात उभ्या असलेल्या त्या सगळ्यांकडे बघितलं. "कुठाय म्हणजे? हे काय भिजत उभं आहे. आत या आता सगळे. कुणी बाहेर राहू नका, तिला बरं वाटायचं नाही."

सगळे आत गेले. त्या दिवसापासून आमच्या देवळात पायरीवर थांबणारं कुणी राहिलं नाही.

पुढे लोक म्हणू लागले की देवीचं तोंड बदललं, ती हसायला लागली. मी खरं सांगतो, काही बदललेलं नाही. मी लहानपणापासून बघतोय, तोंड तसंच आहे. खोतांच्या घरचे आजही दसऱ्याला येतात, समोर उभे राहतात आणि राक्षसाला मारणारी देवी बघून जातात. त्यांना कुणी हटकत नाही. पोरांना वाटतं तिचं तोंड भाजलंय, तर त्यांना आता धपाटे पडत नाहीत. ज्याला जशी दिसेल तशी त्याची.

गोजाय म्हातारी झाली. हात गरमच राहिले, पण पाठ वाकली आणि दुखायला लागली. सगळ्या गावाच्या पाठी चोळणाऱ्या बाईची पाठ कोण चोळणार? नवरा गेलेला, पोटी मूलबाळ नाही, भाची दुसऱ्या वाडीला. आणि मागायची तिला सवय नव्हती. एका श्रावणी मंगळवारी ती काठी टेकत देवळात गेली, देवीच्या पाठीला पाठ लावून बसली, आणि चंद्राची लेक दिवा लावायला गेली तेव्हा गोजाय तशीच बसल्या बसल्या गेलेली होती. तोंडावर त्रास नव्हता. तिला उचललं तेव्हा बायकांनी बघितलं. तिच्या चोळीवर, पाठीच्या मधोमध, तेलाचा ओला हात उमटला होता. पाच बोटं, मोठी, माणसाच्या हाताच्या दुप्पट. असं म्हणतात.

आज आमच्याकडे काय करतात ते सांगतो आणि तुम्हाला मोकळं करतो. श्रावणातल्या त्या मंगळवारपासून बारा दिवस धगजाईपुढे ढोल वाजत नाही. घंटेला फडकं गुंडाळतात, कारण बाळंतिणीला झोप पाहिजे. नैवेद्याला मऊ भात, तूप आणि अळिवाची खीर. पोटुशी बाई आता देवळासमोरूनच जाते, आणि सातव्या महिन्यात आत जाऊन देवीच्या पाठीला पाठ लावून घटकाभर बसते. तिथला दगड इतका गुळगुळीत झालाय की हात घसरतो. पहिल्या दिवशी कोमट तेल घेऊन सगळ्या बायका देवीच्या मागे रांग लावतात. पहिला हात गोजायच्या भाचीच्या घरातल्या बाईचा. ती देवीची पाठ चोळते, मग मागे वळते आणि मागच्या बाईची पाठ चोळते, ती तिच्या मागचीची, आणि असं करत करत तेलाचा हात पार दारापर्यंत येतो. गोजाय एकटी गेली, तिच्या पाठीला गावाचा हात लागला नाही, ही आमची चूक आम्ही दर वर्षी अशी निस्तरतो.

आणि ते वाक्य तर गावाच्या तोंडातच बसलंय. चढावर कुणी ओझं घेऊन दमला, कुणाची पोर परीक्षेला निघाली, कुणाचा म्हातारा शेवटच्या घरघरीत आहे, की जवळचं माणूस पाठीवर हात ठेवतं. समोर बापई माणूस असला तरी बाय म्हणतात, आणि अजून कुणी त्याचा राग मानलेला नाही.

थोडंच उरलंय, बाय.