बर्फातला दहीभात

फार पूर्वी एका उंच डोंगरावर एक गाव होतं. हिवाळ्यात तिथे इतका बर्फ पडे, की दार उघडायचं तर आधी कुणालातरी खिडकीतून बाहेर उतरून फावड्याने दारासमोरचा ढीग उपसावा लागे. गावातले तरणे पुरुष थंडी सुरू होण्याआधीच मेंढरं घेऊन खालच्या कुरणांत जात आणि बर्फ वितळला की परत येत. मागे राहत ती म्हातारी माणसं, बायका आणि पोरं.

गाव तसं सालस होतं. पण त्यांची एक रीत होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता. तिथे कुणी कुणाला ‘तुला काय हवं?’ असं विचारत नसे. विचारणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर सांगणं, की बाबा, तू काही मला कळत नाहीस. पाहुणा आला की त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं, ओळखायचं आणि पुढ्यात ठेवायचं. पाहुण्यानेही मुकाट्याने संपवायचं. ज्याला दूध पचत नाही असा माणूसही तांब्याभर दूध पिऊन, हसतमुखाने निरोप घेऊन जाई आणि घरी जाऊन पोट धरून बसे. याला सभ्यपणा म्हणायचं की आणखी काही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

त्या गावात एक विधवा बाई राहत होती. न विचारता ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सगळे तिला मनकवडी म्हणत, आणि तिलाही ते ऐकायला आवडे. तिच्या एकुलत्या एक मुलाचं लग्न झालं. सून आणली ती पार खालच्या मैदानातली, जिथे उन्हाने जमिनीला भेगा पडतात तिथली. लग्नाची हळद उतरते न उतरते तोच मुलगा मेंढरं घेऊन निघाला. जाताना आईला म्हणाला, “आई, तिला सांभाळ.”

“हे काय सांगायला हवं?” आई म्हणाली.

पहिला बर्फ पडला आणि सुनेचं जेवण कमी झालं. सासूने लगेच ओळखलं, की पोरीला थंडी बाधलीय. तिने बाजरीची गरम भाकरी आणि लसणाचं तिखट केलं. सुनेने दोन घास खाल्ले. सासूने कुळथाचं कढण केलं, त्यात मिरपूड घातली. सून एक घोट प्यायली. सासूने डिंकाचे लाडू वळले, आल्याचा काढा उकळला. सून मान खाली घालून म्हणायची, “छान झालंय, सासूबाई,” आणि वाटी तशीच राहायची. होता होता पोर अंथरुणाला खिळली.

वैद्यबुवा आले. नाडी पाहिली, जीभ पाहिली. बाहेर येऊन म्हणाले, “ताप नाही, खोकला नाही. पण पोटात अन्न नाही. असंच चाललं तर बर्फ वितळेपर्यंत ही काही टिकायची नाही.”

सासूला मुलाचे शब्द आठवले. मुलगा परत येईल तेव्हा त्याला काय तोंड दाखवायचं?

शेजारीण आली होती. ती म्हणाली, “आलं वाढव. आणखी काय करणार?”

“वाढवलं गं. तोंडाला लावत नाही.”

“मग तू ओळख की! तू तर मनकवडी.”

शेजारणीने हे चांगल्या मनाने म्हटलं होतं. पण सासूला ते लागलं. ती पुष्कळ वेळ सुनेच्या चेहऱ्याकडे बघत बसली. तिला काही म्हणता काही कळेना. म्हणजे दोनच वाटा उरल्या. मनकवडी म्हणून नाव राखायचं आणि पोरीला जाऊ द्यायचं, नाहीतर तोंड उघडून विचारायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होता. सासूने दार लावलं, खिडकी लावली. कुणी ऐकत नाही ना, याची खात्री केली. मग सुनेपाशी बसून, जणू चोरीच करतेय अशा आवाजात तिने विचारलं, “पोरी, तुला काय खावंसं वाटतं?”

सून दचकली. नवऱ्याने तिला वाटेतच इथली रीत समजावली होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. “दहीभात,” ती म्हणाली.

“दहीभात? या थंडीत?”

“गार दहीभात. वर तळलेली सांडगी मिरची. आणि कैरीचं पन्हं. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी सगळे ओटीवर बसून हेच जेवतात. मग गप्पा मारता मारता तिथेच लवंडतात.” आणि अगदी हळू आवाजात ती म्हणाली, “माझ्या पेटीत आईने दिलेली पुरचुंडी आहे. आंबोशी आहे, मिरच्या आहेत. काढायची कशी? या घरात काही कमी आहे असं दिसलं असतं.”

“अगं बये!” सासू म्हणाली आणि पेटीकडे धावली.

त्या थंडीत दही लागणं म्हणजे दिव्यच. सासूने दुधाला विरजण लावलं, भांडं घोंगडीत गुंडाळलं आणि चुलीच्या उबेला धान्याच्या कणगीत खुपसून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दही घट्ट लागलेलं होतं. मग तिने सणासाठी ठेवलेला तांदूळ काढला, मऊ भात केला, हाताने कुस्करून निववला. दही, थोडं दूध, मीठ घातलं. वरून तुपात जिरं, हिंग आणि काळसर होईपर्यंत तळलेल्या मिरच्या. वाळलेल्या कैरीच्या फोडी म्हणजे ती आंबोशी. ती भिजवून, शिजवून, गूळ घालून तिचं पन्हं केलं.

सून भिंतीला टेकून बसली. तिने एक घास घेतला आणि तिचे दात वाजायला लागले.

“बिघडलं का गं काही?” सासूने विचारलं. एकदा विचारलं होतं, आता दुसऱ्यांदा विचारणं तेवढं जड गेलं नाही.

“नाही हो. चव अगदी आईच्या हातची आहे. पण हे उकाड्यात खायचं असतं, सासूबाई. थंडीत नुसतंच गार लागतं.”

सासू उठली. हिवाळाभर पुरवायची म्हणून लाकडं परसातल्या पडवीत रचून ठेवली होती. त्यातून ती हात भरभरून आणायला लागली. चूल धडाडून पेटली. शेगड्या पेटल्या. फटींत चिंध्या कोंबल्या. थोड्याच वेळात घर असं तापलं, की सासूने आधी शाल काढली, मग घोंगडी काढली. तिच्या कपाळावर घाम आला. हिवाळ्यात घाम येतो हे तिला ठाऊकच नव्हतं. सून खुदकन हसली. तिने सूप ओढलं आणि बसल्या बसल्या सासूला वारा घालायला लागली. मग ताट जवळ घेतलं आणि जेवायला लागली. घासामागून घास. पन्ह्याचा पेला रिकामा करून तिने पुढे केला आणि म्हणाली, “अजून द्या.” त्या घरात असं कुणी कधी मागितलं नव्हतं. सासूला इतका आनंद झाला, की पेला भरताना निम्मं पन्हं तिने जमिनीवरच सांडलं.

इकडे छपरावरचा बर्फ वितळून धो धो पाणी गळायला लागलं. शेजारीण बादली घेऊन ओरडत आली, “आग! आग लागली!” आत येऊन बघते तर दोघी पाय पसरून दहीभात खाताहेत.

“वेड लागलंय का तुला?” शेजारीण म्हणाली. “सगळी लाकडं जाळलीस! आता थंडी सरेपर्यंत काय करणार?”

“तुझ्याकडे मागेन,” सासू म्हणाली.

मागणं हाही त्या गावात विचारण्याचाच भाऊ होता. शेजारणीने बादली खाली ठेवली, अंगावरचं घोंगडं काढलं आणि बसली. “माग की,” ती म्हणाली. “आणि मलाही जरा वाढ. मला दही आवडतं. तू नेहमी मला गूळ-शेंगदाणेच देतेस.”

“मला वाटलं, तुला तेच आवडतात!”

“मला दातच कुठे राहिलेत?”

तिघी हसल्या. शेजारीण जेवून गेली. सून ताटाकडे बघत बसली होती. मग तिने मान वर केली आणि विचारलं, “सासूबाई, तुम्हांला काय हवं?”

लहानपणापासून आजपर्यंत हा प्रश्न सासूला कुणी विचारला नव्हता. आईने नाही, नवऱ्याने नाही, पोटच्या पोराने नाही. सगळ्यांना ती ओळखत आली होती. तिला ओळखायला कुणी थांबलंच नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

“मला,” ती म्हणाली, “मला एकदा आयतं ताट हवंय गं. मी न रांधलेलं. कुणीतरी समोर आणून ठेवलेलं.”

सून भिंतीचा आधार घेऊन उठली. कितीतरी दिवसांत ती आपल्या पायांवर उभी राहिली नव्हती. तिने पदर खोचला, सासूला हाताला धरून पाटावर बसवलं आणि हळूहळू चालत चुलीपाशी गेली.

तात्पर्य: आपल्या माणसाच्या मनातलं आपल्याला ओळखता येतं या भरवशावर राहू नये, त्याला विचारावं, आणि आपल्याला कुणी विचारलं तर लाजू नये, खरं सांगावं.