निळी थोरली, तांबूस धाकटी

फार पूर्वी, पृथ्वीही नव्हती तेव्हा, वायूच्या एकाच ढगातून दोन तारका जन्मल्या. थोरली प्रचंड आणि निळी होती, धाकटी लहानशी आणि तांबूस. थोरलीच्या झगमगाटात धाकटी कुणाला दिसतही नसे, आणि ते तिच्या मनाला लागे.

तरी ती एकदा म्हणाली, "ताई, जरा जपून जळ. पोटातला वायू संपेल."

"माझ्याच वजनानं पोटात आग भडकते गं," थोरली म्हणाली. "जपून जळणं मला जमायचं नाही."

चाळीस-पन्नास लाख वर्षांतच थोरली फुटली. आता धाकटीचा उजेड लांबवर दिसू लागला, पण तिला त्याचं सुख वाटेना. थोरलीच्या पोटात तयार झालेलं लोखंड धूळ होऊन आलं, ते तिनं स्वतःभोवती फिरत ठेवलं. त्या धुळीचा गोळा झाला, त्यावर पाणी साचलं, पाण्यात शेवाळ धरलं.

धाकटी अजून मंदच जळते. शेवाळाला वाढायला वेळ लागतो.