नऊ लाखांची पट्टी

मिरजेच्या श्रोता मंडळात शितोळेसाहेबांनी आपला नऊ लाखांचा रेकॉर्ड प्लेअर आणून मांडला. मंडळाचा होता बारा हजारांचा.

"या खेळण्यावर कृष्णाबाईंची रेकॉर्ड लावणं म्हणजे बाईंचा अपमान," साहेबांनी जाहीर केलं. "सगळ्या रेकॉर्डी उद्यापासून माझ्या बंगल्यावर राहतील."

मंडळाची जागा साहेबांचीच होती. सभासद रेकॉर्डी खोक्यात भरू लागले.

नलूताई आठल्यांना मात्र राहवेना. त्याच रेकॉर्डवर कृष्णाबाईंच्या गाण्याला पेटीची साथ त्यांनी केली होती. त्यांनी घरून तीच पेटी मागवली.

"दोन्हींवर लावा. मी सोबत वाजवते."

आधी बारा हजारांवर रेकॉर्ड लागली. नलूताईंनी काळी चार दाबली, आणि पेटीचा सूर बाईंच्या षड्जात विरघळून गेला. मग नऊ लाखांवर लागली. पेटी तीच, सूर तोच, पण दोन्ही आवाज एकमेकांशी भांडू लागले. साहेबांचं मशीन जरा जोरात फिरत होतं.

"तुमची पेटी उतरली असेल," साहेब गुरगुरले.

"मघाशी तर जुळली होती," नलूताईंनी भाता मिटला. "किंमत तुम्ही चढवलीत ते ठीक, साहेब. पण बाईंची पट्टी कशाला चढवलीत?"