कोळसेवालीचं चित्र

एकदा काय झालं, एका राजाच्या पदरी गुणाजी नावाचा चितारी होता. तो चित्रं दाखवून मुलांना गोष्टी सांगायचा. राजानं हुकूम सोडला, "एक राक्षसीण काढ. अशी, की राजपुत्रानं तिला मारलं की पोरांनी टाळ्या वाजवल्या पाहिजेत."

आता राक्षसीण कुणी पाहिली होती? गुणाजीनं खिडकीबाहेर बघितलं. डोक्यावर कोळशाची पाटी घेऊन बारकी नावाची कोळसेवाली चालली होती. काळी, काटकुळी, दात पुढं आलेले. मग काय, त्यानं तिलाच काढलं. दात तेवढे लांब केले. हे वाईट केलं, बरं का. तिला विचारलंसुद्धा नाही.

पहिल्या दिवशी पोरं चित्र बघून आईमागं लपली. दुसऱ्या दिवशी राक्षसीण मेल्यावर टाळ्या वाजल्या. तिसऱ्या दिवशी पोरं म्हणाली, "आता आम्ही मारणार."

मग बारकी बाजारात कोळसा विकायला आली. "राक्षसीण आली रे." एकानं ढेकूळ मारलं, दुसऱ्यानं काठी, तिसऱ्यानं दगड. दगड डोळ्यावर बसला. मोठी माणसं बघत होती. हसत होती मेली.

डोळ्याला पदर लावून बारकी गुणाजीच्या दारात आली.

"दादा, मी काय केलं होतं तुमचं?"

"ती तू नाहीस गं. गोष्टीतली आहे ती."

"मग पोरांना सांगा ना तसं."

गुणाजी सांगायला गेला. पोरांनी विचारलं, "राजपुत्रानं तिला का मारलं? तिनं काय केलं होतं?"

गोष्टीत तिनं काहीच केलं नव्हतं. नुसती तशी दिसत होती.

मग त्यानं ते चित्र फाडलं. नवं काढलं. बारकी, शेजारी पाटी, मांडीवर तान्ही लेक. राजा म्हणाला, "यात कुणी मरतच नाही. कोण बघणार हे?"

पोरं मात्र बघत राहिली. दगड मारणारा सगळ्यात जास्त वेळ. मग हळूच म्हणाला, "हिला बाळ आहे?"

सगळी तिच्या खोपटाकडे धावली. खोपट रिकामं. चूल गार. लेकीला कडेवर घेऊन, उरलेल्या एका डोळ्यानं वाट शोधत, बारकी डोंगरापलीकडे निघून गेली होती.

राजा सुखानं राहिला. गुणाजी राहिला, पोरंही राहिली. बारकीचं मला ठाऊक नाही, म्हणून सांगत नाही.

काय म्हणतेस इंदू, राक्षसीण कधी मरते? या गोष्टीत राक्षसीण नव्हतीच गं. सरक तिकडे, पांघरूण घे. झोपा आता.